घरोघरी जाणाऱ्या बाईचा मालक कोण?

बाळ जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दर खेपेला ती हात धुते, बाळाला काट्याच्या झोळीत घालून वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, श्वास मोजते, नाळेची जागा कोरडी आहे का ते बघते, आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जाते आहे का, याची चौकशी करते. बाळ दूध ओढत नसेल, गार पडले असेल किंवा श्वास घेताना त्याची छाती आत जात असेल, तर घरच्यांशी वाद घालून त्याला रुग्णालयात पोचवते. सहाही भेटी झाल्या, तक्ता भरला, त्यावर सह्या झाल्या, की या कामाचे तिला २५० रुपये मिळतात. भेटीमागे ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

रायगड जिल्ह्यातल्या पेण शहराला लागून असलेल्या गावात ही भेट दहा मिनिटांच्या अंतरावर असते. पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरात अजूनही अशा ठाकूर-कातकरी वाड्या आहेत, जिथून आजारी माणसाला झोळी करून खांद्यावरून खाली आणावे लागते. रोह्यात भिसे खिंडीच्या अलीकडे-पलीकडे, चणेऱ्याच्या बाजूला, एका गावाहून दुसऱ्या वाडीवर जायला एसटीची वाट बघावी लागते किंवा पायी चालावे लागते. दर मात्र सगळीकडे तोच.

ही बाई सरकारी कर्मचारी नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आणि आदिवासी भागात पाड्यागणिक एक अशी ‘आशा’ नेमायचे ठरले. ती त्याच गावची असावी, शक्यतो लग्न होऊन गावात आलेली, विधवा किंवा घटस्फोटित असावी, कारण अविवाहित मुलगी लग्नानंतर गाव सोडून जाणार. ती मानसेवी स्वयंसेविका असेल, तिला पगार नसेल, केलेल्या कामागणिक मोबदला मिळेल, असे अभियानाच्या चौकटीतच लिहिले होते. तेव्हाची कल्पना दिवसाला दोन-तीन तासांच्या कामाची होती. वीस वर्षांत त्या कामात क्षयरोग्याला गोळ्या देणे आले, कुष्ठरोगाची पाहणी आली, कुपोषित मुलांची यादी आली, मलेरिया-डेंग्यूचे सर्वेक्षण आले, तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीचा अर्ज आला, आयुष्मान भारतची कार्डे आली, आणि या सगळ्याची नोंद मोबाइलवर करणे आले.

कामागणिक मोबदला ही पद्धत कागदावर रास्त दिसते. रायगडच्या चालीरीतींत ती कुठे अडते, ते पाहायला हवे. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. सासरच्या आशाने तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवले, लोहाच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफीला सोबत केली, आणि सातव्या-आठव्या महिन्यात पोर माहेरी गेली. बाळंतपण आणि नंतरच्या भेटी दुसऱ्याच गावाच्या खात्यावर गेल्या. कातकरी कुटुंबांचे तर आणखी निराळे. भात कापून झाले की ती वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बळ आदिवासी गटांपैकी एक म्हणजे कातकरी. बाळंतपणात आणि बालपणी सर्वांत जास्त धोका ज्यांना, त्यांच्यामागेच आशाने सर्वांत जास्त हिंडायचे, आणि त्यांच्याच बाबतीत मोबदल्याचा तक्ता अर्धा राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. ज्या घराला सर्वाधिक वेळ द्यायला हवा, त्या घराचे सर्वांत कमी पैसे मिळवून देणारी ही रचना आहे. त्यातला अन्याय एकट्या आशावर होत नाही, त्या कातकरी बाळावरही होतो.

घरी जाऊन आरोग्यसेवा देणारी गावातलीच बाई, ही कल्पना बऱ्याच अंशी महाराष्ट्राच्या मातीत वाढली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर, बहुधा दलित बायकांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून उभे केले. त्या पगारी नव्हत्या. गावाने त्यांना आपले मानावे, त्यांनी संसाराला दुसऱ्या छोट्या उद्योगाचा आधार घ्यावा, अशी ती मांडणी होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या, त्यांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले आणि त्यांना कामाशी बांधलेला मोबदला दिला. तुलनेच्या ४७ गावांपेक्षा इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत केंद्र सरकारने देशभरच्या आशांकडे सोपवली. आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा आणि थर्मामीटर गडचिरोलीच्या त्या गावांतून आला आहे.

जामखेड आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी कामाचा मालक दिसत होता. डॉक्टर तिथेच राहत होते, बाईला नावाने ओळखत होते, तिची अडचण त्याच दिवशी ऐकत होते. देशभर योजना पसरली, तेव्हा बाई तीच राहिली आणि तो माणूस नाहीसा झाला. आशाताईने दाद मागायची तर कोणाकडे? प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी तिच्या बिलावर सही करतो, पण दर ठरवत नाही. जिल्हा परिषद पैसे वाटते, पण स्वतःचे देत नाही. राज्य म्हणते योजना केंद्राची आहे. केंद्र म्हणते आरोग्य हा राज्याचा विषय आहे आणि आशा ही तर स्वयंसेविका आहे. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात नवरा कामाला असेल, तर त्याला कोणाशी भांडायचे हे ठाऊक असते. गेटवर पाटी असते, व्यवस्थापन असते, करार असतो, कराराची मुदत असते. त्याच घरातली बायको आशा असेल, तर तिच्या कामाला गेटच नाही.

संघटनेचा खरा वाद इथून सुरू होतो. अशा बायकांनी संघटना करावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच मागे पडला. त्यांनी ती केली आहे. समोर कोण बसणार, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

कायद्यात ओळख नसलेल्यांचा हा प्रश्न रायगड जिल्ह्याला नवा नाही. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातल्या त्या कुळांना कायद्याच्या लेखी जमिनीवर काडीचा हक्क नव्हता. संघटना आधी झाली, उपासमार सोसली गेली, आणि मग १९३९ च्या कूळ कायद्यात संरक्षित कूळ ही कायदेशीर ओळख आली. हक्क नसलेल्यांनी संघटित होऊन हक्काची व्याख्या बदलून घेतल्याचे हे उदाहरण पेणहून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे.

आशांच्या आधी ही वाट अंगणवाडीच्या बायकांनी तुडवली. ११ सप्टेंबर २०१७ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी २६ दिवस संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायद्याखाली, म्हणजे मेस्माखाली आणले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. ज्यांना मानधनापलीकडे काही द्यायचे नाही, त्यांचे काम एक दिवसही थांबता कामा नये, ही भूमिका टिकणारी नव्हतीच. काम अत्यावश्यक असेल तर ते करणारी व्यक्ती कर्मचारी आहे. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. अंगणवाडीचे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

कोविडने आशांचे काम सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्हा साथीच्या निर्बंधांत होता. पत्रे उडालेल्या, वीज गेलेल्या घरांत मुंबईहून परतलेली माणसे विलगीकरणात होती आणि त्यांची रोजची विचारपूस आशाताई करत होत्या. केंद्राचा त्यासाठीचा भत्ता महिन्याला एक हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये होता. एक वर्ष असे काढल्यावर १५ जून २०२१ रोजी राज्यभरच्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. वेगवेगळ्या पक्षांच्या आणि विचारांच्या संघटना एका कृती समितीत आल्या, एम. ए. पाटील हे त्यांचे एक प्रमुख नेते. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्याशी चर्चा होऊन २३ जूनला संप मिटला. आशांना दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. वर्षभराने, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पुरस्काराने कौतुक झाले. दरमहाची रक्कम संपाने वाढली होती.

पुढचा लढा अधिक बोलका आहे. १८ ऑक्टोबर २०२३ पासून सुमारे ७० हजार आशा आणि त्यांच्या गटप्रवर्तक पुन्हा संपावर गेल्या. ऑनलाइन कामांची सक्ती नको, ही त्यांची एक मागणी होती. मोबाइल, रेंज आणि रिचार्ज यांचा भार बाईवर आणि आकडेवारीचा उपयोग खात्याला, असा तो व्यवहार होता. नोव्हेंबरात सरकारने आशांना ७००० रुपयांच्या वाढीचे आश्वासन दिले आणि संप मागे घेतला गेला. दिवाळी झाली, वर्ष संपले, शासन निर्णय निघाला नाही. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर धरणे. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या बायका मैदानात दिवसरात्र बसून राहिल्या. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने ५००० रुपयांची वाढ मंजूर केली आणि ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू केली. सात हजारांचे पाच झाले. पण तोंडी शब्दाचा लेखी निर्णय झाला, आणि तो घडवायला चार-पाच महिन्यांत दोन संप लागले. मालक ठरलेला असता, तर हा करार एका टेबलावर झाला असता.

आता संघटनेच्या विरोधात बोलणाऱ्यांकडे वळू. त्यांची बाजू पोकळ नाही.

पहिला आक्षेप रुग्णाचा. कारखाना बंद पडला तर माल थांबतो. आशा संपावर गेली तर बाळाची चौदाव्या दिवसाची भेट चुकते आणि ती पुन्हा घेता येत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो सर्वांत जास्त आशांनाच टोचतो, कारण ती बाळंतीण त्यांच्याच आळीतली असते. गावातली बाई दारात आली तर ‘मी संपावर आहे’ असे सांगणे अवघड असते. त्यामुळेच या संपांत अहवाल, सर्वेक्षण आणि ऑनलाइन कामावरचा बहिष्कार हे मोठे हत्यार ठरते. पण या आक्षेपाचा निष्कर्ष ‘संघटना नको’ असा निघत नाही. वाटाघाटीची ठरलेली जागा आणि ठरलेला काळ असेल तर संपाची वेळ कमी येते, एवढाच निघतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या, गरिबांच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसांनी केला आहे. अमेरिकी कार्यकर्ते डेव्हिड वर्नर यांनी १९७७ सालीच विचारले होते की ग्राम आरोग्यसेवक हा व्यवस्थेचा हुजऱ्या होणार की लोकांचा मुक्तिदाता. आशाला पगार दिला, हजेरी लावली, बदलीची भीती घातली, की ती गावाची प्रतिनिधी राहणार नाही, खात्याची सर्वांत खालची शिपाई होईल, अशी ही भीती आहे. उपकेंद्राला कुलूप का आहे, असे विचारणारी बाई त्याच उपकेंद्राच्या पगारपत्रकावर असेल तर विचारील का? प्रश्न चोख आहे. मात्र गेल्या वीस वर्षांत तिला पगार नसतानाही ती खात्याची सर्वांत खालची पायरी झालीच आहे. गावाच्या बाजूने बोलण्याचे बळ तिला तुटपुंज्या मोबदल्याने दिले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने बिल अडवले तर आपल्यामागे कोणी आहे, ही खात्री संघटना देते, आणि तशी खात्री असलेली बाई कुलपाबद्दलही बोलू शकते.

तिसरा आक्षेप पैशाचा. राज्यात ७० हजार बायकांना कायम केले तर तिजोरीवर बोजा पडेल, आणि अंगणवाडी, शालेय पोषण आहार, रोजगार सेवक सगळेच रांगेत उभे राहतील. ते राहतीलच. मे २०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय बैठकीने, योजनांतील या सर्वांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क द्यावा, अशी शिफारस केली होती. एका दशकाहून जास्त काळ ती तशीच पडून आहे.

चौथा आक्षेप कोकणातल्या माणसाला शब्दांत सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कोकणातल्या कितीतरी घरांचा मनीऑर्डरचा आधार कायमचा तुटला. ‘युनियन’ म्हटले की जुन्या घरांत अजून कोणीतरी मान हलवते. पण गिरणीची जमीन मालकाला विकता आली. नवजात बाळांची भेट कोणाला विकता येत नाही, आणि हे काम यंत्रावर किंवा दुसऱ्या राज्यात हलवता येत नाही. तुलना तिथेच थांबते.

संघटनांतही सगळे आलबेल नसते. केरळमध्ये १० फेब्रुवारी २०२५ पासून आशांच्या एका संघटनेने तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर २६६ दिवस धरणे धरले. त्यांची मागणी महिना २१ हजारांची होती. सत्तेवर डावी आघाडी होती आणि त्या आघाडीतल्या मोठ्या पक्षाची कामगार संघटना या धरण्याच्या विरोधात उभी राहिली. अखेर मानधन एक हजाराने वाढून आठ हजार झाले. पक्षाचा झेंडा बाईच्या मागणीपेक्षा मोठा झाला तर काय होते, ते या लढ्यात दिसले. महाराष्ट्रात अनेक संघटनांची एक कृती समिती उभी राहिली, ही म्हणून लहान गोष्ट नाही. ती टिकवणे ही आशांच्याच हिताची बाब आहे.

मालक नसलेल्या कामाला मालक कसा द्यायचा, याचे एक उत्तर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये सापडते. तिथे वृद्ध आणि अपंग यांच्या घरी जाऊन आंघोळ, जेवण, औषध बघणाऱ्या हजारो बायकांना पैसे सरकारी योजनेतून मिळत. पण काउंटी म्हणे, मालक आम्ही नाही, तो वृद्ध माणूस आहे. न्यायालयानेही काउंटीला मालक मानले नाही. मग संघटनेने, वृद्ध आणि अपंग यांच्या गटांना बरोबर घेऊन, कायदा बदलून घेतला. कोणाला ठेवायचे आणि काढायचे हा हक्क रुग्णाकडेच राहिला, आणि वेतनाच्या वाटाघाटीपुरता मालक म्हणून एक सार्वजनिक प्राधिकरण उभे राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिथल्या ७४ हजार कामगारांसाठी झालेल्या मतदानात संघटनेच्या बाजूने कौल लागला. दशकाहून अधिक काळाच्या प्रयत्नांना आलेले ते फळ होते.

तिथेही वाद संपला नाही. इलिनॉय राज्यात आपल्या अपंग मुलाची घरी काळजी घेणाऱ्या एका आईने न्यायालयात विचारले की, मी संघटनेची सभासद नाही, तरी माझ्या सरकारी भत्त्यातून संघटनेची वर्गणी का कापली जावी. ३० जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल संघटनांना महाग पडला. तरी आईच्या प्रश्नात तथ्य होते. घरातली सेवा ही नुसती नोकरी नसते, तिच्यात नाते असते, आणि संघटनेने ते नाते ओळखूनच आपले नियम केले पाहिजेत.

शेजारी पाकिस्तानात १९९४ साली सुरू झालेल्या योजनेतील ‘लेडी हेल्थ वर्कर’ आपल्या आशांसारख्याच दारोदार जातात. बुशरा आराईन यांच्या नेतृत्वाखाली त्या रस्त्यावर उतरल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि गेल्या दशकात सरकारी सेवेत कायम झाल्या. आशियातला गरीब देश हे करू शकत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

आतापर्यंतची गोष्ट आशांची, म्हणजे संघटित झालेल्यांची. पेण आणि रोहा या दोन्ही गावांत आणखी एक प्रकारच्या बायका घरोघरी जातात आणि त्यांच्यामागे कोणीच नाही. मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात, आई-वडील गावच्या घरात. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो, आईचे खुब्याचे हाड मोडते, आणि मग ‘पेशंट सांभाळायला बाई’ शोधली जाते. ओळखीने नाही मिळाली तर अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी. ही बाई अंग पुसते, दर दोन तासांनी कूस बदलते, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावते, डायपर बदलते, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देते, लघवीची पिशवी रिकामी करते. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे ती त्याच खोलीत झोपते आणि हाक आली की उठते. तिला साप्ताहिक सुट्टी बहुधा नसते. घरचे लोक ब्युरोला किती देतात आणि तिच्या हातात किती येतात, हे बहुतेकदा तिला आणि घरच्यांना एकमेकांकडूनच कळते. पेशंट गेला, की त्या दिवशी काम गेले.

कायद्यात तिची जागा शोधू गेले तर अवघड होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यामागे १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी केलेल्या संपापासूनची चळवळ आहे. पण ते मंडळ कल्याणाच्या योजनांपुरते आहे, मजुरीचा करार त्यात होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाचे ठिकाण मानले, हा एक ठोस आधार तिला आहे. जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे ती तक्रार करू शकते. असे काही आहे हे तिला सांगणारे मात्र कोणी भेटत नाही.

या बाईच्या बाबतीत नेहमीची युनियन पुरी पडणार नाही, हे मान्य करायला हवे. तिचा मालक पेन्शनवर जगणारा निवृत्त शिक्षक असू शकतो. त्याच्याविरुद्ध संप करून काय मिळणार? आणि तो अंथरुणाला खिळलेला असताना करणार कसा? पण महाराष्ट्राने हा पेच एकदा सोडवलेला आहे. बाजारातल्या हमालाचा मालक कोण, व्यापारी की अडत्या की ट्रकवाला, हा प्रश्न असाच सुटत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंद मंडळात, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे जमा, आणि मंडळाकडून हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. १९८१ साली हाच साचा खासगी सुरक्षारक्षकांना लावला गेला. एजन्सीने पुरवलेला, दुसऱ्याच्या दारात उभा राहणारा, दोघांपैकी कोणाचाच नसलेला रक्षक. ब्युरोच्या बाईची स्थिती नेमकी तीच आहे, फक्त ती दाराच्या आत उभी आहे.

माथाडी मंडळांत गैरप्रकार झाले, बोगस माथाडींच्या नावाने खंडणी उकळली गेली, हे सर्वज्ञात आहे. त्यावरचा इलाज तपासणीचा आहे. मंडळाचा विचारच सोडून देण्याने बाईला काही मिळत नाही. घरी रुग्णसेवा करणाऱ्यांचे असे जिल्हा मंडळ झाले, तर रोह्यातल्या कुटुंबाला प्रशिक्षण घेतलेली, नोंद असलेली बाई मिळेल, ती आजारी पडली तर बदली मिळेल, आणि बाईला पगाराची पावती, आठवड्याची सुट्टी आणि म्हातारपणी हातात काही रक्कम मिळेल. रुग्णाचे हित आणि बाईचे हित इथे एकमेकांच्या विरुद्ध जात नाहीत.

आशांच्या पदरात गेल्या दोन वर्षांत थोडे पडले आहे. राज्याने २०२४ मध्ये कामावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास दहा लाख आणि कायमचे अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये द्यायचे ठरवले. केंद्राने मार्च २०२५ मध्ये नियमित कामांचा मोबदला २००० वरून ३५०० रुपये केला आणि दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशाला मिळणारी रक्कम २० हजारांवरून ५० हजारांवर नेली. दहा वर्षांचे पन्नास हजार म्हणजे वर्षाचे पाच हजार. कर्मचारी हा दर्जा अजून कुठेच नाही, आणि तो मिळेपर्यंत प्रत्येक वाढ ही पुढच्या आश्वासनावर आणि पुढच्या धरण्यावर अवलंबून राहील.

पेण-रोह्यातल्या ज्या घरांत आज एखादी बाई आजी-आजोबांना सांभाळते आहे, त्यांनी कायद्याची वाट न बघता तिचा दर, कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी कागदावर लिहून द्यावी. आशांच्या संघटनांनी ब्युरोच्या या बायकांना आपल्या सभासद करून घ्यावे. आणि पुढच्या वेळी जिल्हा परिषदेवर किंवा आझाद मैदानावर जे मागणीपत्र जाईल, त्यात रुपयांच्या आकड्याच्या वर पहिली मागणी ही असावी: आमचा मालक कोण, ते सरकारने लिहून द्यावे.